सिबेलिअस यांच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोबाबत खुलासा

फिनलंडचे संगीतकार सिबेलिअस यांचा हा कॉन्चेर्टो (एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) १९०४ मध्ये व्हायोलिनवादक विली बुर्मेस्टर यांनी प्रथम वाजवला, ही सध्या फिरत असलेली माहिती चुकीची आहे. बुर्मेस्टर यांना सिबेलिअस यांच्याकडून तसा शब्द मिळाला होता खरा. पण ८ फेब्रुवारी १९०४ रोजी हेलसिंकीत एकलवादक होते व्हिक्टर नोवाचेक, आणि ती अवघड रचना त्यांना पेलली नाही. शिवाय जिच्यात म्यूट (आवाज मंद करणारा चाप) लावलेल्या व्हायोलिनांच्या मंद हिंदोळ्यावर एकल व्हायोलिन अलगद उमटते, ती आज सभागृहांत ऐकू येणारी रचना म्हणजे सुधारित आवृत्ती असून, ती १९ ऑक्टोबर १९०५ रोजी बर्लिनमध्ये रिचर्ड श्ट्राउस यांच्या संचालनाखाली कारेल हालिर्झ यांनी प्रथम सादर केली. दुसऱ्यांदाही डावलले गेलेल्या बुर्मेस्टर यांनी, दुर्दैवाने, हा कॉन्चेर्टो कधीच वाजवला नाही.