पुरुष फिरकू नयेत म्हणून

बेटावर पुरुषांसाठी लैंगिक आरोग्य केंद्र काढताय? मग जागा धक्क्यासमोरचीच घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीतून दार दिसलं पाहिजे. पाटीवर ‘गुप्तरोग’ असं लिहा, आणि अक्षरं एवढी मोठी की त्यातलं ‘गुप्त’ भर समुद्रातूनही वाचता यावं.

वेळ दहा ते दोन. तेव्हा पुरुष मासेमारीला गेलेले असतात. ते परततील तोवर कुलूप घाला आणि अहवालात ‘पुरुषांमध्ये उदासीनता’ असं बिनधास्त लिहा. कैरोच्या लोकसंख्या परिषदेने १९९४ साली पुरुषांच्या सहभागाचा आग्रह धरला होता, म्हणजे विषय तसा ताजाच आहे.

माणसं मात्र बेटावरचीच नेमा. नोंदणीला मावशी, तपासणीला होणारी सासू. शहरात माणूस दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात तोंड लपवून जातो. इथे दुसरं टोक वीस मिनिटांवर, आणि तिथे काका बसलेले. त्यातूनही कुणी आलाच, तर नाव पुकारताना आजारासकट पुकारा. कंडोम कपाटात, किल्ली मावशींकडे, घेणाऱ्याची वहीत सही. कपाट तापत्या पत्र्याखाली असलं तर उत्तम. उष्णतेने रबर खराब होतं, ते मावशींना सांगायची गरज नाही.

उपदंशाबद्दल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाबद्दल, अवाक्षर काढू नका. तो तुमच्याच बाजूचा आहे. पहिली जखम बहुधा दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते, आणि गडी म्हणतो, बरा झालो! जंतू आत मुक्कामाला. सुरुवातीलाच आलं तर पेनिसिलीनचं एक इंजेक्शन पुरतं, हे कळलं तर उगाच गर्दी व्हायची. क्लॅमिडिया या दुसऱ्या गुप्तरोगात तर बहुतेकांना काही जाणवतच नाही. तेव्हा ‘त्रास झाला तरच या’ अशी दुसरी पाटी लावून टाका.

बायको आली तर गोळ्या तिला एकटीलाच द्या. नवऱ्याकडून पुन्हा लागण होईल, ती पुन्हा येईल, आकडे वाढते राहतील. मूल होत नसेल तर वर्षभर तपासण्या तिच्याच. वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी, म्हणून सगळ्यांत शेवटी. शिवाय नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचायला हवा आणि बोट उद्या सकाळी. नसबंदी केलीत तर पुढचे तीन महिने जपायचं असतं, मग वीर्य तपासून खात्री करायची असते, हे बोलू नका. दरम्यान दिवस गेलेच, तर संशय कुणावर घ्यायचा ते बेट बघून घेईल.

व्याख्यान ठेवाच. वक्ता बाहेरचा, खडसावणारा, आणि तक्ता गर्भाशयाचा. जाळी दुरुस्त करत पुरुष आपसात बोलत बसतात, तिकडे मात्र चुकूनही जाऊ नका. तिथे एखादा म्हातारा नावाडी सहज म्हणून गेला, ‘मीही तपासून घेतलं होतं रे,’ तर तुमची सगळी मेहनत पाण्यात.