शितावरून सुशीची परीक्षा

गेली बारा वर्षे मी जिथे जाईन तिथे चांगली सुशी शोधते आहे. राहत्या शहरात, कामानिमित्त गाठलेल्या परक्या शहरांत आणि तीन वेळा प्रत्यक्ष जपानमध्ये. या शोधातली सुरुवातीची बरीच वर्षे मी भलत्याच गोष्टीकडे पाहत होते. मासा कुठून आला, किती ताजा आहे, ट्यूनाचा तुकडा किती लालभडक दिसतो, यावरून मी रेस्टॉरंट निवडत असे. आता मी आधी भात पाहते. सुशीचे रेस्टॉरंट पारखायचे असेल तर ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण शब्दशः घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

सुशी या शब्दाचा मूळ अर्थच आंबट असा आहे. मासा कच्चा असलाच पाहिजे असे त्यात कुठेही नाही. सर्वांत जुन्या प्रकारात, म्हणजे नारेझुशीमध्ये, मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवत आणि भात बहुधा टाकून देत. शिगा प्रांतातल्या बिवा सरोवराकाठी आजही त्याच पद्धतीने फुनाझुशी करतात. तिचा पहिला घास घेताना मुरलेल्या चीजसारखा उग्र वास नाकात भरला, आणि आंबवणीची वाट पाहण्याऐवजी भातात थेट व्हिनेगर घालण्याची युक्ती किती मोठी होती हे त्या क्षणी समजले. पुढे 1820 च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हातावर वळलेली निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी, रूढ झाली. तिचे श्रेय साधारणपणे हानाया योहेई यांना दिले जाते. ती निगिरी आजच्यापेक्षा बरीच मोठी असे, आणि लोक गाडीपाशी उभ्या उभ्या खात.

चांगला भात म्हणजे काय, हे मला टोकियोतल्या एका तळघरातल्या आठ खुर्च्यांच्या दुकानात प्रथम कळले. शेफने लाकडी पसरट घमेल्यात गरम भात ओतला, त्यावर व्हिनेगर, मीठ आणि साखरेचे मिश्रण शिंपडले आणि भात न कालवता उलथन्याच्या धारेने कापत कापत मोकळा केला. शेजारी उभा असलेला शिकाऊ मुलगा पंख्याने वारा घालत होता. त्याने शितांना चकाकी येते आणि जास्तीचा ओलावा उडून जातो. मग माझ्यासमोर पहिली निगिरी ठेवली गेली, आणि ठेवल्यानंतर ती केसभर खाली बसली. मी डोळे फाडून पाहत राहिले. आत हवा राखून वळलेला भात स्वतःच्याच वजनाने किंचित दबतो. तोंडात टाकल्यावर शिते सुटी झाली, भात अंगाइतकाच कोमट होता आणि आंबटपणा माशाच्या चवीआधी क्षणभर जाणवून मागे सरला. त्या संध्याकाळी मी चौदा निगिरी खाल्ल्या आणि आज त्यांतल्या चारच माशांची नावे मला आठवतात. भात मात्र अजून जिभेवर आहे.

याच्या नेमका उलट अनुभव परदेशातल्या एका अतिशय महागड्या रेस्टॉरंटने दिला. निगिरीवर सोन्याचा वर्ख होता, बशीखाली बर्फाचा धूर होता, आणि भात फ्रिजमधून थेट आलेला, थंड आणि टणक होता. फ्रिजच्या तापमानाला भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि एकेक शीत खड्यासारखे होते. वर ठेवलेला मासा कितीही उंची असला तरी त्याला इलाज नाही. तिथे खर्च झालेल्या पैशांपेक्षा त्या माशाचे मला जास्त वाईट वाटले.

‘समुद्र जवळ नसेल तर सुशी खाऊ नये’ हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे, आणि तो मला पटत नाही. एदोच्या परंपरेत माशावर संस्कार करणे हेच खरे कसब होते. कोहादा हा छोटा चंदेरी मासा मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवतात, ट्यूना सोया सॉसमध्ये भिजवतात, पांढरे मासे कोंबू या समुद्री शेवाळात गुंडाळून ठेवतात. मोठा ट्यूना तर कित्येक दिवस मुरू दिल्यावरच चवीला येतो. गोठवण्याबद्दलही उगाच नाक मुरडले जाते. अनेक माशांत ॲनिसाकिससारखे परजीवी असतात आणि ते मारण्यासाठी उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस गोठवण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात दिलेली आहे. आज जगभर लोकप्रिय असलेली सॅमनची सुशीसुद्धा जपानमध्ये रुजली ती 1980 च्या दशकात नॉर्वेने चालवलेल्या प्रचारानंतर. त्याआधी जपानी माणूस परजीवींच्या भीतीने सॅमन कच्चा खात नसे. म्हणून नव्या ठिकाणी गेले की ट्यूनाचा चरबीदार ओतोरो मागवण्याआधी मी कोहादा आणि तामागो, म्हणजे अंड्याची गोडसर वडी, मागवते. चांगला ओतोरो पैसे मोजून बाजारातून आणता येतो, पण कोहादाला किती मिनिटे मीठ लावायचे हे हातालाच कळावे लागते.

स्वस्त ठिकाणांना मी कमी लेखत नाही. फिरत्या पट्ट्यावरची सुशी शिराइशी योशिआकी यांनी 1958 मध्ये ओसाकाजवळ सुरू केली. बिअरच्या कारखान्यातल्या बाटल्यांच्या पट्ट्यावरून ही कल्पना त्यांना सुचली होती. अशा ठिकाणी पट्ट्यावर फिरून वाळलेली बशी न उचलता शेफला सांगून ताजी वळून घ्यावी, एवढेच माझे सांगणे आहे.

रोल्सबद्दलचे, म्हणजे भात आणि सारण गुंडाळून केलेल्या सुशीबद्दलचे, माझे मत मात्र पूर्ण बदलले. परदेशातल्या जपानी रेस्टॉरंटांना अस्सलपणाचे प्रमाणपत्र द्यावे, असा विचार जपानच्या कृषी मंत्रालयाने 2006 मध्ये मांडला आणि टीकाकारांनी त्याला ‘सुशी पोलिस’ असे नाव दिले. सुशी खायला लागल्यावर मी त्याविषयी वाचले तेव्हा मंत्रालयाची बाजू मला योग्य वाटली होती. नंतर मी साओ पावलोच्या लिबर्दादे या जपानी वस्तीच्या भागात गेले. जपानी स्थलांतरितांचे पहिले जहाज 1908 मध्ये ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागले, आणि आज जपानबाहेर जपानी वंशाचे सर्वाधिक लोक त्या देशात राहतात. तिथे क्रीम चीज घातलेला, तळलेला गरम रोल समोर आला तेव्हा माझ्या मनात अढी होती. पण भात सुटा होता, नीट आंबट होता आणि रोल करणारे वयस्कर गृहस्थ दर थोड्या वेळाने भातावरचे ओले फडके बदलत होते. ज्याला भाताची एवढी काळजी आहे त्याच्याकडे प्रमाणपत्र मागणारी मी कोण?

घराजवळ चांगली सुशी मिळायला मला सर्वांत जास्त काळ लागला. सात-आठ ठिकाणे करून झाल्यावर सहा खुर्च्यांचे एक दुकान सापडले. पहिल्या वेळी मी रात्री सव्वानऊला पोहोचले. काचेच्या पेटीत मासा दिसत होता, खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी शेफने हात जोडले. “मासा आहे, पण भात संपला,” ते म्हणाले. पुन्हा लावता येणार नाही का, असे मी विचारले. भात शिजायला, मुरायला आणि निवायला वेळ लागतो आणि घाईत केलेला भात मी देत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी पहिल्या खुर्चीवर बसलेली होते.