पदवीदान

‘लिजंड ऑफ झेल्डा’ या १९८६ पासून चालत आलेल्या व्हिडिओ गेमच्या मालिकेच्या पुढच्या भागासाठी वीराची नवी पदवी आणि तिला साजेसे कथासूत्र शोधण्याचे काम मला कोणीही सांगितले नव्हते. ते मी आपण होऊन अंगावर घेतले, त्यामुळे राजीनामा द्यायचा तरी कोणाकडे, हा प्रश्न होता. नायक लिंक, मालिकेला नाव मात्र राजकन्येचे. तेव्हा त्या बापड्याला निदान पदवी तरी भारदस्त मिळावी, एवढीच माझी इच्छा होती.

सरावासाठी जुन्या पदव्या मराठीत आणून पाहिल्या. ‘हिरो ऑफ टाइम’ला ‘काळाचा वीर’ म्हटले, तर तो यमाच्या कचेरीतला वसुली कारकून वाटू लागला. ‘वाऱ्याचा वीर’ म्हणताच पोराला घरच्यांनी वाऱ्यावर सोडले असावे असा संशय आला, आणि ‘संधिप्रकाशाचा वीर’ ऐकून तर याला दिवेलागणीनंतर कमी दिसते की काय, असे वाटले.

पण या पदव्या नुसत्या शोभेच्या नाहीत, हेही तेव्हाच ध्यानात आले. ‘काळाच्या वीरा’च्या १९९८ च्या खेळात तलवार उपसताच मुलगा सात वर्षे झोपतो आणि मोठा होऊन उठतो. ‘वाऱ्याच्या वीरा’च्या २००२ च्या खेळात हातातल्या छडीने वाऱ्याची दिशा बदलता येते. पदवीतून खेळणाऱ्याच्या हाताला काम मिळाले पाहिजे. ‘शौर्याचा वीर’ हे नाव मी याच कसोटीवर खोडले, कारण शौर्य कोणते बटण दाबून करायचे, ते मला ठरवता येईना.

मग भाच्याला परीक्षक नेमले. तो पडद्यावरची नजर न काढता निकाल देत होता. ऋतू बदलणारा वीर? “झालंय मामा, २००१.” अंगठ्याएवढा होणारा? “२००४.” आगगाडी चालवणारा? हे तरी कोणाला सुचले नसेल, अशी माझी खात्री होती. “२००९.” भिंतीवरचे चित्र होऊन सरकणारा? “२०१३.” सगळे बेट म्हणजे एक स्वप्नच निघते, ही कल्पना मी आवाज खाली आणून सांगितली, ती १९९३ सालीच वापरून झाली होती. शेवटचा उपाय म्हणून वीराला बाजूला सारून राजकन्येलाच पुढे करावे म्हटले, तर तेही २०२४ मध्ये झालेले!

हताश होऊन मी पडद्याकडे पाहू लागलो. लिंक कोणाच्या तरी घरात न विचारता शिरला, त्याने मडकी फोडली आणि आतली ‘रुपी’ खिशात घातली. (त्या राज्याचे चलन खरोखरच रुपी आहे.) घरधनी शेजारीच उभा होता आणि चकार शब्द काढत नव्हता. इतकी वर्षे हा राज्य वाचवतो आहे, पण मडक्यांचा हिशेब कोणी मागितला आहे काय?

“भरपाईचा वीर!” मी ओरडलो. तलवारीऐवजी पाठीवर खातेवही, गावोगावी तुंबलेली देणी, कुंभाराचे चाक फिरवून मडके घडवायचे आणि ज्याचे त्याच्या दारात नेऊन ठेवायचे. वाटेत तडा गेला की पुन्हा पहिल्यापासून. अंतिम राक्षस म्हणून मी चक्रवाढ व्याज योजले होते.

भाच्याने प्रथमच खेळ थांबवला. “हे झालेलं नाही,” तो म्हणाला. माझी छाती फुगते न फुगते तोच खेळ पुन्हा सुरू झाला आणि कोपऱ्यातली उरलेली तीन मडकी ओळीने फुटली.

“अरे, आता तरी!”

“तुझ्या वीराच्या पहिल्या हप्त्याची सोय करतोय, मामा.”