परत आलेल्यांची नावं का नकोत?

आज स्मारकाच्या मीटिंगला गेले होते. आल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

चौकातल्या स्मारकाला ग्रॅनाईटची नवी पाटी बसणार आहे. मी म्हटलं, शहिदांच्या खाली गावातल्या माजी सैनिकांचीही नावं घालूया. तर समोरून आवाज आला, "त्यांना पेन्शन मिळते, कॅन्टीन मिळतं. अजून काय पाहिजे?" आणि लोक हसले. सातारा जिल्ह्यात, जिथं दर चार घरांआड भिंतीवर वर्दीतला फोटो आहे, तिथं हसले!

आमचे नाना जंगी पलटणीत होते. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. डिसेंबर १९७१ च्या लढाईत, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. सोबत आमच्याच आळीतला त्यांचा दोस्त होता. तो तिथंच राहिला. नाना सुट्टीवर आले ते आधी त्याच्या घरी गेले, पिशवीत त्याचा पांढरा एनॅमलचा मग घेऊन. काठावर टवका उडालेला. म्हातारीनं मग हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "त्याला तहान लागलेली का रं?"

"व्हय आये. ह्यातनंच पाजलं मी पानी."

सांगा आता, हे तिला कोण सांगणार होतं? तार?

शहिदांचा मान पहिला, त्यात वादच नाही. दगडावर जागा कमी पडेल हेही खरं, गावातनं भरतीला गेलेले काय थोडेथोडके नाहीत. मग दुसरा दगड लावा! कमानीला पैसे निघतात, डीजेला निघतात.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्याकडं गावोगावी जे दगड बसवले, ते एकदा थांबून वाचा. आधी लिहिलंय, या गावातून इतके जण लढाईला गेले. त्यानंतर, त्यातले इतके कामी आले. आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जण त्या लढाईत कामी आले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण लढायला गेलेल्या सगळ्यांचा आकडा आधी कोरायची बुद्धी परक्या सरकारला झाली. आपल्याला का होत नाही?

म्हातारी होती तोवर नाना दर दिवाळीला तिच्याकडं जायचे. ती त्याच मगातनं त्यांना चहा द्यायची. ते घोटभर प्यायचे आणि तिच्या तोंडाकडं बघत बसायचे. मी लहान होते, मला कंटाळा यायचा, "चला ना घरी" म्हणून धोतर ओढायचे. आता आठवलं की पोटात तुटतं. जिवंत परत आल्याचं ओझं तो माणूस दरवर्षी तिच्या ओसरीवर नेऊन बसायचा, आणि यांना पेन्शन दिसते.

जे हसले त्यांच्यावर आता राग उरला नाही. त्यातल्या दोघांची पोरं पहाटे मैदानावर भरतीसाठी पळतात. ती धडधाकट परत यावीत असंच त्यांनाही वाटत असणार. त्या पोरांची नावं कुठं लिहायची मग?

रविवारी पुन्हा बैठक आहे. ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांनी या. आयाबायांनीही या.

संध्याकाळी नानांनी विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "अजून ठरायचंय." ते म्हणाले, "त्याचं नाव नीट लिवा म्हणावं. जुन्या पाटीवर वेलांटी चुकलीय."