हंगामातील पावसाचे चढउतार आणि हवामान प्रारूपे: एका सरसकट दाव्याचा प्रतिवाद

उष्णकटिबंधातील पावसाविषयी एक दावा सध्या मोठ्या प्रमाणावर पसरला आहे. एकाच हंगामात पाऊस कधी सलग कोसळतो आणि कधी दोन-दोन आठवडे दडी मारतो. हा चढउतार हवामान प्रारूपांना, म्हणजे हवामानाचे गणित संगणकावर मांडणाऱ्या प्रणालींना, मुळीच दाखवता येत नाही, पन्नास वर्षांत त्यांत काडीची सुधारणा झालेली नाही, आणि म्हणून पुढील काळातील पावसाविषयी ती जे सांगतात ते सारे निरर्थक आहे, असा त्याचा आशय. या दाव्याच्या मुळाशी एक खरी त्रुटी आहे आणि म्हणूनच तो चटकन पटतो. मात्र तिच्यावरून काढलेले निष्कर्ष तपासाला उतरत नाहीत.

पुरावा म्हणून बहुधा असा आलेख दाखवला जातो, की अमुक वर्षी पावसाचा प्रदीर्घ खंड पडला असताना प्रारूपात मात्र त्याच आठवड्यांत मुसळधार पाऊस होता. ही तुलनाच गैरलागू आहे. गेल्या शतकाचे हवामान उभे करणारी प्रारूपे साधारणपणे 1850च्या सुमारापासून पुढे चालवली जातात. वाटेत त्यांना हरितगृह वायू, सूर्यप्रकाश, ज्वालामुखींचे उद्रेक यांची माहिती मिळते, पण रोजची निरीक्षणे मिळत नाहीत. त्यामुळे त्यांतील एखादा आठवडा प्रत्यक्षातील त्याच आठवड्याशी तारखेनिशी जुळावा अशी अपेक्षाच नसते. तपासायचे असते ते निराळेच: ओल्या आणि कोरड्या काळांची एकूण तीव्रता, त्यांचा सरासरी कालावधी, त्यांची सरकण्याची दिशा आणि वेग. तारखा जुळवणे हे पूर्वानुमान करणाऱ्या केंद्रांचे काम, आणि ती आपली गणिते ताज्या निरीक्षणांपासून सुरू करतात.

अर्थात, या योग्य कसोटीवरही प्रारूपे सहज उत्तीर्ण होतात असे नाही, आणि येथे दाव्याला त्याचे श्रेय द्यायला हवे. हंगामांतर्गत चढउतारांतील सर्वांत ठळक घटक म्हणजे मॅडन-ज्युलियन आंदोलन (ओल्या-कोरड्या स्थितीचे ठरावीक काळाने होणारे हेलकावे), म्हणजेच एमजेओ. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या हवामानशास्त्रज्ञांनी 1971 आणि 1972 मध्ये त्याचे वर्णन केले. ढगांचा आणि पावसाचा एक विशाल पट्टा हिंदी महासागरावर उभा राहतो, सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतो, आणि 30 ते 60 दिवसांनी हे चक्र पुन्हा सुरू होते. 2006 मध्ये तेव्हाच्या 14 प्रारूपांची तपासणी झाली, तेव्हा या आंदोलनाची तीव्रता निरीक्षणांच्या जवळपास नेणारी केवळ दोन प्रारूपे निघाली. त्यानंतरच्या पिढीतील 20 प्रारूपांपैकी पूर्वेकडील वाटचाल वास्तवाला धरून दाखवणारे एकच आढळले. हे निकाल झाकण्यासारखे नाहीत, आणि ते झाकले गेलेलेही नाहीत: प्रारूपांवर काम करणाऱ्यांनीच ते प्रसिद्ध केले.

परंतु ‘मुळीच दाखवता येत नाही’ आणि ‘कमकुवत दाखवले जाते’ यांत मोठे अंतर आहे, आणि हा कमकुवतपणा कोठून येतो हे बऱ्याच अंशी ठाऊक आहे. प्रारूपे वातावरण चौकटींच्या जाळीत विभागून गणित करतात. दीर्घकालीन प्रारूपाच्या जाळीतील एक चौकट साधारण शंभर किलोमीटरची असते, तर गडगडाटी ढग काही किलोमीटरचा. म्हणून ढगांचा एकत्रित परिणाम सूत्रांनी अंदाजावा लागतो. जुन्या सूत्रांत ढग फार उतावीळ होते. भोवतालची हवा कोरडी असली तरी ते वर चढत आणि पाऊस पाडून मोकळे होत. परिणामी मंद पाऊस जवळजवळ रोज पडे, जमिनीवर तो मध्यान्हाच्या सुमारासच उरकला जाई (प्रत्यक्षात त्याचा जोर बहुतेक ठिकाणी दुपार उलटल्यावर किंवा संध्याकाळी असतो), आणि मोठ्या ओल्या काळासाठी लागणारे बाष्प साठतच नसे. वर चढणाऱ्या ढगात भोवतालची कोरडी हवा अधिक मिसळू दिली, की ढगांना बाष्पसाठ्याची वाट पाहावी लागते आणि एमजेओ बळावते. अडचण अशी, की या बदलाने अनेक प्रारूपांतील सरासरी पावसाचे वाटप बिघडले. एक दोष काढताना दुसरा पदरात घ्यावा लागणे ही या क्षेत्राची खरी डोकेदुखी आहे, आणि माझ्या मते टीकाकारांनी बोट ठेवायचेच असेल तर ते येथे ठेवावे.

सुधारणा झालीच नाही, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. इंडोनेशियाच्या बेटांवरून पुढे सरकताना प्रारूपांतील एमजेओ पूर्वी वाटेतच विरून जाई. सीएमआयपी या जगभरातील हवामान प्रारूपांची तुलना करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या सहाव्या टप्प्यातील प्रारूपांत ही वाटचाल एकंदरीत सुधारली आहे, आणि त्या भागातील सरासरी बाष्पाचे वितरण अधिक योग्य असणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. जपानमध्ये 7 किलोमीटर जाळीच्या प्रारूपाने, ढगांसाठी अंदाजाची सूत्रे न वापरता, डिसेंबर 2006 मधील प्रत्यक्ष एमजेओ उभे करून दाखवले. ते काम 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. आघाडीची पूर्वानुमान केंद्रे आज एमजेओची वाटचाल तीन ते चार आठवडे अगोदर उपयोगी पडेल इतपत सांगतात.

राहिला शेवटचा निष्कर्ष, की भविष्याविषयीचे सारेच टाकून द्यावे. प्रत्येक विधान कशावर उभे आहे, हे येथे वेगवेगळे पाहावे लागते. तापमान एका अंशाने वाढले तर हवेत सुमारे 7 टक्के अधिक बाष्प मावते. हा उष्मागतिकीचा नियम आहे, तो एमजेओच्या अचूकतेवर अवलंबून नाही, आणि अतिवृष्टी तीव्र होण्याची अपेक्षा प्रामुख्याने त्याच्यावर व प्रत्यक्ष नोंदींवर आधारलेली आहे. याउलट एखाद्या विशिष्ट खोऱ्यात हंगामाच्या मध्यावरील कोरडा खंड किती दिवसांनी लांबेल, हे उत्तर थेट या चढउतारांवर अवलंबून आहे आणि तेथे प्रारूपांतील मतभेद मोठे आहेत. अशा प्रश्नासाठी प्रारूपातील रोजच्या पावसाचे आकडे जसेच्या तसे धरणाच्या किंवा पिकाच्या हिशेबात घालणे मला धोक्याचे वाटते. सर्व प्रारूपांची सरसकट सरासरी काढण्यापेक्षा ज्यांत ओल्या-कोरड्या काळांचा कालावधी आणि त्यांची वाटचाल निरीक्षणांशी जुळते अशी मोजकीच निवडावीत, त्यांच्या उत्तरांतील तफावत पूर्णपणे नोंदवावी, आणि ती तफावत मोठी असेल तेव्हा नियोजन एका आकड्यावर न बेतता तिच्या दोन्ही टोकांसाठी करावे.