लूट आपली, पण 'रॅन्सॅक'चं काय?
'लूट' हा शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला, हे लुटीच्या इंग्रजी शब्दांवरच्या तुमच्या लेखात छान आलंय. पण 'प्लंडर' आणि 'रॅन्सॅक' या इंग्रजी शब्दांनाही त्यात सरसकट 'लुटणे' म्हणून मोकळं होणं काही पटलं नाही. जर्मनमध्ये 'प्लुंडर' म्हणजे अंथरुणं-पांघरुणं, कपडे, घरातलं किडूकमिडूक. आजही तिथे अडगळीला हेच म्हणतात. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) सैनिक घराघरांतून तेच उचलून न्यायचे. त्यावरून आलेला 'प्लंडर' हा शब्द १६४२च्या यादवीत इंग्लंडात रुळला. 'रॅन्सॅक' तर चक्क कायदेशीर! जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) 'रन्न' म्हणजे घर, 'साका' म्हणजे शोधणं. चोरीच्या मालासाठी घेतलेली घरझडती. आमच्याकडे लॉकरची किल्ली हरवली की आई कपाटाची झडती घेते. साड्या पलंगावर, कागद जमिनीवर. रॅन्सॅक म्हणजे अगदी तेच, आणि किल्ली तिच्याच पर्समध्ये!