नावातच आय आहे, सोडेल कशी?

मोल्ड, म्हणजे साचा, उचलायचाय? आधी मान वर करून क्रेनवरचा आकडा वाचा. 10 टन. मोल्ड अवघा 1400 किलोचा. संपला हिशेब. मधे जे बोटभर लोखंड येतं, त्याला विचारतो कोण?

आता आय बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट, शोधा. तो डब्यात असतो, तुटके टॅप आणि कुणाच्या तरी तंबाखूच्या पुडीसोबत. एम 16 चे, म्हणजे 16 मिलिमीटर जाडीचे, दोन उचला. तक्त्यात सरळ ओढीला 700 किलो लिहिलेत. सातशे दुणे चौदाशे, पाढे काय उगाच घोकले? शेजारीच 45 अंशांच्या तिरक्या ओढीला 500 असाही आकडा असतो. ती छपाईची चूक समजा. शिवाय नावातच ‘आय’ आहे. आय लेकराला खाली टाकते का?

बोल्ट पूर्ण आत जात नाही? चार आटे धरले तरी पुष्कळ. कॉलर, म्हणजे कडीखालची चकती, आणि मोल्ड यांच्यातली फट डोळ्यांना खुपत असेल, तर दोन वायसर घाला. कॉलर नीट टेकली नाही की तिरकी ओढ दांड्यावर येते आणि दांडा वाकतो, असं जुने फिटर सांगतात. ते तसे पगारवाढीबद्दलही बरंच सांगतात.

पट्टा एकच आहे? नाडी ओवतात तसा दोन्ही कड्यांतून ओवा. बोल्ट एकमेकांकडे ओढले जातील. जाऊ देत, जवळीक वाढते. पट्टा आखूडच बरा. तो जमिनीशी 30 अंशांवर आला की दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पट्ट्यावर अख्ख्या मोल्डच्या वजनाएवढा ताण येतो, पण लांब पट्टा स्टोअरमध्ये आहे आणि स्टोअरवाला जेवायला गेलाय.

शॅकलची, म्हणजे पट्टा अडकवायच्या यू आकाराच्या कडीची, पिन हरवली तर कुठलाही नट-बोल्ट घाला. हुकच्या तोंडावरची, पट्टा निसटू न देणारी जीभ सारखी आड येते, ती तारेने मागे बांधून टाका. मोटारच्या डोक्यावरचा आय बोल्ट एकट्या मोटारीसाठी असतो म्हणे; तुम्ही पंप आणि बेसफ्रेमसकट उचला, भावंडांना वेगळं करू नये. काहीच सापडलं नाही तर 12 ची सळई वाकवून वेल्डिंग मारा.

कायद्याचं म्हणाल तर 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 29 व्या कलमात 12 महिन्यांतून एकदा तपासणी सांगितली होती. त्यासाठी दोन कोरे, चकचकीत बोल्ट काचेच्या कपाटात ठेवा. त्यांना कधी काही उचलायला लावू नका, खराब होतात.

मोल्ड झोके घ्यायला लागला की नव्या हेल्परला हाक मारा, ‘हात लाव रे जरा.’

आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात एक मोल्ड वीतभरच उचलला होता, म्हणून नुसती फरशी फुटली. तिथे सिमेंट भरलंय. बोल्ट थोडा वाकला होता, तो हातोड्याने सरळ करून परत डब्यात टाकलाय. आता तो कुठला, ते आम्हालाही ओळखता येत नाही.